अकरा महिन्यांचा कागद आणि माझा अंगठा

महोदय,

निवृत्तीचा पैसा फ्लॅटमध्ये घाला आणि भाड्यावर बसून खा, हा सल्ला हल्ली लग्नाच्या पंगतीतही मिळतो. मी तो २०१८ साली ऐकला. भोसरीतल्या एका कारखान्यात बत्तीस वर्षं लेथवर काढली, फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून जे हाती आलं ते चिखलीतल्या वन बीएचकेत घातलं. स्टॅम्प ड्युटी धरून ३४ लाख.

पहिला भाडेकरू एजंटाने आणला. भाडं ११ हजार, डिपॉझिट ३० हजार. "काका, अकरा महिन्यांचा करार असला की रजिस्टर करावा लागत नाही, नोटरी बास," असं म्हणून त्याने शंभराच्या स्टॅम्पपेपरवर करार टाइप करून आणला. आमच्या घरात याआधी कुणी घर भाड्याने दिलेलं नाही, शिक्का दिसला की कागद पक्का एवढीच अक्कल. डिपॉझिट रोख घेतलं. पावती दिली नाही आणि कागदावर रकमेची जागा कोरीच राहिली, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

सात महिने भाडं वेळेवर आलं. मग पगार लांबला, मग फोन उचलणं बंद. करार संपला तेव्हा चार महिन्यांचं भाडं थकलेलं होतं आणि माणूस घरातच. वकिलांकडे गेलो तेव्हा कळलं की महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा करार (म्हणजे घर ठराविक मुदतीसाठी नुसतं वापरायला देण्याचा) लेखी आणि नोंदणीकृतच लागतो, मग तो अकरा महिन्यांचा असो की पाच. नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणजे मी गेलो तक्रार करायला आणि कायद्याच्या लेखी चुकलेला मीच.

खरा फटका पुढे होता. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं, असं तेच कलम सांगतं. आमच्या गड्याला हे माझ्याआधी ठाऊक होतं. तो म्हणाला, डिपॉझिट एक लाख दिलंय. सिद्ध काय करणार, कपाळ? शेवटी पाच महिन्यांचं भाडं सोडलं, वर २० हजार हातावर टेकवले तेव्हा किल्ली मिळाली.

दार उघडलं तर सिंकखालचा पाइप पिशवी गुंडाळून सुतळीने बांधलेला, ट्रॉलीचा प्लायवूड फुगून पापड झालेला. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी हाताला धरून त्यांच्या बाथरूमच्या छतावरचा ओलाव्याचा डाग दाखवला. मीटर माझ्या नावावर, त्यामुळे लाइट बिलाचे ६,४०० रुपयेही मीच भरले.

सोसायटीची तऱ्हा वेगळी. घर भाड्याने दिलं म्हणून महिना ५०० रुपये जादा लावले. मालक स्वतः राहत नाही म्हणून लावायचं हे बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही, असा शासनाचा आदेश १ ऑगस्ट २००१ पासून आहे. माझं सेवाशुल्क १,५००, म्हणजे १५० रुपये. आदेशाची झेरॉक्स जोडून अर्ज दिला, तीन मीटिंगांनी बिल दुरुस्त झालं. (सेक्रेटरी तेव्हापासून लिफ्टमध्ये बोलत नाहीत.)

दुसऱ्या वेळी करार ऑनलाइन नोंदवला. मुद्रांक पाव टक्का, तोही अकरा महिन्यांचं भाडं अधिक डिपॉझिटवर दहा टक्क्यांनी धरलेलं व्याज यांवर. माझा हिशोब ३१० रुपये, नोंदणी फी हजार. तेराशे रुपये वाचवायला गेलो आणि पाऊण लाख घालवून बसलो! असा करार संपूनही कुणी घर सोडलं नाही तर कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे (अशा तक्रारींसाठी शासनाने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं आणि तोवरचं भाडं दुपटीने मागता येतं.

अडचण आली ती नोंदणीला लागणाऱ्या अंगठ्याच्या ठशाची. बत्तीस वर्षं लोखंड हाताळून माझ्या बोटांच्या रेषा गेल्यात. एजंटाचा पोरगा मशीन घेऊन घरी आला, अंगठा उमटेना. दहाही बोटं झाली, ओल्या फडक्याने पुसून झाली, शेवटी डाव्या करंगळीशेजारच्या बोटाने लाज राखली.

आता सरळ वर्षाचा हिशोब मांडतो. भाडं १,३२,०००. घर रिकामं राहिलं तो एक महिना, एजंटाचा एक महिना, मेंटेनन्स १८ हजार, घरपट्टी सात, प्लंबर-रंगारी बारा. उरले ७३ हजार. ३४ लाखांवर शेकडा दोनच्या जरा वर. बँकेतली ठेव याहून जास्त देते, आणि तिचा नळ गळत नाही.

माझी मागणी छोटी आहे. फ्लॅटची नोंदणी करायला येणाऱ्या प्रत्येकाला दुय्यम निबंधक कार्यालयात कलम ५५, कलम २४ आणि बिनभोगवटा शुल्काचे ते दहा टक्के एवढं सोप्या मराठीत छापलेलं एक पान मिळावं. लाखो रुपये मुद्रांक शुल्क घेता, तर एक पान जड नाही. आणि नोटरी केलेले अकरा महिन्यांचे कागद खपवणाऱ्या एजंटांनाही कुणीतरी जाब विचारावा, दंडाला फक्त घरमालकच का?

सध्या घरात एक नर्सबाई आणि त्यांचे यजमान राहतात. भाडं पाच तारखेला येतं. करार पुढच्या महिन्यात संपतोय, तोच पुढे चालवायचा आहे. म्हणून आमच्या हिने रोज रात्री माझ्या अंगठ्याला खोबरेल तेल चोळायला घेतलंय.

— एक निवृत्त टर्नर, चिखली, पिंपरी-चिंचवड