खेळ उत्तम, पण आजोबांना खेळता येईल का?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत निन्टेन्डोच्या ‘स्विच २’ या नव्या गेमिंग कन्सोलवरचा लेख वाचला. ७.९ इंची पडदा, टीव्हीला जोडल्यावर ४के चित्र, चुंबकाने चिकटणारे ‘जॉय-कॉन’ म्हणजे हातात धरायचे रिमोट, ही सगळी माहिती त्यात नीट दिली आहे. हात हलवून खेळायच्या खेळांविषयी मात्र एकच वाक्य आहे: ‘घरच्या मंडळींना विरंगुळा म्हणून ठीक.’ त्या घरच्या मंडळींपैकी मी एक आहे, म्हणून हे पत्र लिहिते आहे.

मी माध्यमिक शाळेत अठ्ठावीस वर्षे विज्ञान शिकवले. आज वय ७८. आमचे हे एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. २००७ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू गेली. ज्या हाताने आयुष्यभर पाना धरला तो हात मांडीवर नुसता पडून राहायचा. पुढच्या वर्षी थोडे चालायला लागल्यावर मुलाने आम्हाला न्यू जर्सीत एडिसनला नेले. नोव्हेंबरपासून बाहेर पडायची सोय नाही. मुलगा-सून कामाला, नातू शाळेत, आणि हे खिडकीशी. टीव्हीवरच्या बातम्या इंग्रजीतल्या. त्यांना त्या कळत नसत, आणि कळत नाही हे ते बोलूनही दाखवत नसत.

नातवाकडे निन्टेन्डोचा ‘वी’ होता. हा कन्सोल अमेरिकेत १९ नोव्हेंबर २००६ रोजी विक्रीला आला होता, किंमत सुमारे २५० डॉलर. पुढे असे दहा कोटींहून जास्त कन्सोल विकले गेले. त्याच्यासोबत ‘वी स्पोर्ट्स’ नावाची चकती खोक्यातच येई. जपान आणि दक्षिण कोरिया सोडून बहुतेक सगळीकडे. टेनिस, बेसबॉल, बोलिंग, गोल्फ आणि बॉक्सिंग असे पाच खेळ त्यात होते. वेगळे काही विकत घ्यायचे नव्हते, म्हणूनच तो खेळ आमच्यापर्यंत पोचला. आमच्यासाठी दुकानात जाऊन खेळ आणावा असे मुलाच्या मनातही आले नसते, आणि त्यात त्याची चूकही नाही.

सात वर्षांच्या नातवाने प्रथम माझ्या हातात रिमोट दिला. मनगटाला पट्टा घट्ट करून म्हणाला, “आजी, तू फक्त हात फिरव. पळायचं काम ती बाई करते.” खरेच, त्या टेनिसमध्ये पडद्यावरची बाहुली आपणहून चेंडूकडे धावते. आपण वेळेवर हात फिरवायचा, बस. ती बाहुलीही त्याने माझ्यासारखी केली होती. केसांचा अंबाडा, चष्मा. साडीची सोय नव्हती याचे त्याला फार वाईट वाटले. मग त्याने चेहऱ्यावर लावायचा तीळ घेतला, वर सरकवत सरकवत कपाळाच्या मधोमध आणला आणि म्हणाला, “ही तुझी टिकली.” मी आयुष्यात पहिल्यांदा व्हिडिओ गेम खेळले ते त्या टिकलीखातर.

ह्यांना मात्र टेनिस जमेना, चेंडू येईपर्यंत हात उठत नसे. बोलिंग जमले. त्यात कोणी घाई करत नाही. रिमोट छातीशी उभा धरायचा, मागचे बटण दाबून ठेवायचे, हात मागे नेऊन पुढे आणायचा आणि बटण सोडायचे. डावखुऱ्यांसाठी तशी निवड करता येते, ती नातवाने करून दिली. हे खुर्चीत बसून डाव्या हाताने खेळू लागले. पहिले आठ दिवस बटण सोडण्याची वेळ साधेना. हात मागे असतानाच बोट सुटले की पडद्यावरचा बॉल धाडकन मागे पडतो आणि मागची बघी मंडळी दचकून उडी मारतात. पहिल्यांदा तसे झाले तेव्हा हे मोठ्याने हसले. आजारपणानंतर त्यांचे असे हसणे मी ऐकले नव्हते. जानेवारी संपेपर्यंत त्यांचे गुण दीडशेच्या घरात जाऊ लागले. नातू शाळेतून आला की आधी दप्तर टाकून विचारायचा, “आजोबा, आज किती?”

आता माझा मूळ मुद्दा. या खेळावर त्या काळी अशी टीका होत असे की हात पूर्ण फिरवायची गरजच नाही, सोफ्यावर लोळून मनगट झटकले तरी चेंडू जातो. ते खरे आहे, आणि त्याचे कारण शाळेतल्या भौतिकशास्त्रात सापडते. वर्गात आपण स्प्रिंगला वजन टांगून हलवतो ना, तसाच सिलिकॉनचा अतिसूक्ष्म तुकडा त्या रिमोटमधल्या चिपमध्ये सिलिकॉनच्याच स्प्रिंगांवर तोललेला असतो. रिमोट हलला की तो तुकडा किंचित मागे राहतो, शेजारच्या पट्ट्यांपासूनचे त्याचे अंतर बदलते, त्याबरोबर विद्युतधारिता बदलते आणि तेवढ्यावरून तिन्ही दिशांमधले त्वरण, म्हणजे वेग किती झपाट्याने बदलतो ते, मोजले जाते. म्हणजे त्या चिपला कळते ते त्वरण. खांद्यापासून फिरवलेला हात आणि नुसते झटकलेले मनगट, दोन्हींतून सारखेच त्वरण मिळाले तर तिच्या लेखी दोन्ही सारखेच.

टीका करणाऱ्यांना यात फसवणूक दिसली. मला त्यात ह्यांच्यासाठी उघडलेले दार दिसले. डाव्या खांद्यातही फारशी ताकद उरली नव्हती, पण मनगट शाबूत होते. खेळाने त्यांच्याकडे होते तेवढेच मागितले. २००९ मध्ये कंपनीने ‘वी मोशनप्लस’ नावाचा जोड आणला. त्यातल्या जायरोस्कोपमुळे रिमोट किती आणि कसा वळला हे बारकाईने कळू लागले आणि पुढचे खेळ हाताच्या खऱ्या हालचालीच्या जास्त जवळ गेले. तंत्र म्हणून ती प्रगतीच होती, मला तिचे कौतुक आहे. पण यंत्र जितके बारकाईने पाहू लागते तितकी ज्याचा हात थरथरतो त्याची थरथरही ते पाहते. अचूकता वाढली म्हणजे खेळ सर्वांसाठी सुधारला, असे सहसा गृहीत धरले जाते, ते मला पटत नाही.

२०१० च्या नोव्हेंबरात मायक्रोसॉफ्टचे ‘किनेक्ट’ आले. त्यात हातात काही धरायचेच नव्हते, कॅमेराच माणसाची आकृती ओळखायचा. ज्याची बोटे वळत नाहीत त्याला हे किती सोयीचे! पण एका माणसाला खेळायला सुमारे सहा फूट आणि दोघांना आठ फूट मागे उभे राहावे लागे. टीव्ही आणि दिवाण यांच्यामध्ये आठ फूट मोकळी जमीन आपल्याकडे किती घरांत असते? परीक्षण लिहिताना हे टेप धरून सांगायला हवे.

हे सगळे मी वैद्यकीय उपचार म्हणून सांगत नाही, हे स्पष्ट करते. आमच्या फिजिओथेरपिस्ट ताईंनी मला एका अभ्यासाची माहिती दिली. टोरांटोचे डॉ. गुस्ताव्हो सपोस्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पक्षाघाताच्या १४१ रुग्णांचे दोन गट केले. नेहमीच्या व्यायामाशिवाय एका गटाला वी दिला, दुसऱ्याला पत्ते, बिंगो, चेंडू अशी साधी करमणूक. निष्कर्ष २०१६ मध्ये ‘लॅन्सेट न्यूरॉलॉजी’त आला. दोन्ही गट सुधारले, पण वीच्या गटाचा हात काही जास्त सुधारला नाही. ताईंना वाटले मी नाराज होईन. मी म्हटले, पत्त्यांच्या बरोबरीचा ठरला ना, मग झाले. ह्यांना पत्त्यांची आवड कधीच नव्हती. एका हाताने तेरा पाने धरताही येत नसत. बोलिंगची मात्र ते वाट पाहत. माणूस ज्याची वाट पाहतो ते त्याला मिळावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

परत येताना मुलाने तो वी आमच्याबरोबर दिला. त्याचा अडॅप्टर अमेरिकेच्या १२० व्होल्टचा, म्हणून वाईत बाजारातून ट्रान्सफॉर्मर आणला. लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिना जुन्या टीव्हीला लागल्या आणि बोलिंग सुरू झाले. आधी आळीतली मुले आली, मग त्यांच्या आज्या. पुढे ज्येष्ठ नागरिक संघातली चार-पाच मंडळी रविवारी नेमाने येऊ लागली.

एकदा उंदराने टीव्हीवर ठेवायच्या सेन्सर बारची वायर कुरतडली. नावात सेन्सर असले तरी ती पट्टी काही ओळखत नाही. तिच्या दोन टोकांना अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या, प्रकाशाचे दिवे असतात, ते रिमोटच्या तोंडाशी असलेला कॅमेरा पाहतो आणि त्यावरून आपण पडद्यावर कुठे बोट दाखवतो आहोत हे ठरते. मेन्यूतून खेळ निवडायला एवढे लागतेच. मुले हिरमुसली. मी देव्हाऱ्यातली दोन निरांजने आणली, फुलवाती लावल्या आणि टीव्हीपुढच्या स्टुलावर वीतभर अंतराने ठेवली. ज्योतीतूनही अवरक्त किरण निघतात. पडद्यावर पांढरा हात उमटला, किंचित थरथरत, पण उमटला. अवरक्त किरणांचा धडा मी शेकडो मुलांना शिकवला असेन. त्या दिवशी जमलेल्या सहा मुलांना तो जसा कळला तसा वर्गात कुणाला कळला असेल असे वाटत नाही. दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने वायर डाग देऊन जोडून दिली, तरी मुले महिनाभर “आजी, निरांजनं लावा” म्हणत होती.

हे २०१४ साली गेले. शेवटच्या दोन महिन्यांपर्यंत ते खेळत होते.

आता नव्या कन्सोलकडे येते. माझा नातू आज चोवीस वर्षांचा आहे. त्याने ‘स्विच २’ घेतला आणि ऑगस्ट २०२५ मध्ये आलेला ‘ड्रॅग एक्स ड्राइव्ह’ हा खेळ मला व्हिडिओ कॉलवर दाखवला. चाकांच्या खुर्चीत बसून खेळायच्या बास्केटबॉलवर तो बेतलेला आहे. दोन्ही हातांत एकेक जॉय-कॉन घेऊन टेबलावर किंवा मांडीवर माउससारखा पुढे सरकवायचा, जशी चाके ढकलतात तसा. बॉल टाकायचा तर हात उचलून मनगट झटकायचे. कल्पना पाहून मला फार आनंद झाला. चाकांच्या खुर्चीतला माणूस हाच खेळाचा नायक, असे मी आधी पाहिले नव्हते. पण लगेच मनात आले, ह्यांना हा खेळता आला नसता. दोन्ही हात सारखे चालणे हीच त्याची अट आहे. नातवाच्याही तोंडून दुसरे वाक्य तेच निघाले.

आणि आणखी एक बदल. वीबरोबर ‘वी स्पोर्ट्स’ बहुतेक देशांत फुकट आला होता. ‘स्विच २’ची ओळख करून देणारा ‘वेलकम टूर’ वेगळे पैसे देऊन घ्यावा लागतो. २०२२ चा ‘स्विच स्पोर्ट्स’, ज्यात बोलिंग आहे आणि आपल्या लोकांच्या आवडीचे बॅडमिंटनही आहे, तोही विकतच. ज्यांना खेळायचेच आहे ते घेतील. ज्यांनी कधी रिमोट धरला नाही त्यांच्यासाठी कोण घेणार?

कंपन्यांना मी पत्र लिहून काही होणार नाही. आपल्याला लिहिते आहे, कारण आपली पुरवणी आमच्याकडे शेवटच्या पानापर्यंत वाचली जाते आणि अमेरिकेहून मुलगा येणार असला की “तिकडून काय आणू?” या प्रश्नाचे उत्तर लोक त्यातूनच शोधतात. तेव्हा खेळाचे परीक्षण छापताना तो एका हाताने खेळता येतो का, बसून खेळता येतो का, डावखुऱ्यांची सोय आहे का, मनगटाच्या झटक्यावर भागते की अख्खा हात लागतो, आणि टीव्हीसमोर किती फूट जागा मोकळी हवी, हे जरूर सांगा. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला पाच मिनिटांत सुरुवात करता येईल की प्रत्येक पायरीवर कुणीतरी वाचून दाखवावे लागेल, हेही. मनगटाच्या पट्ट्याविषयी तर ठळक अक्षरात लिहा. वी नवा असताना पातळ पट्टे तुटून रिमोट टीव्हीवर आपटल्याच्या तक्रारी आल्या होत्या आणि डिसेंबर २००६ मध्ये कंपनीने जाड दोरीचे पट्टे बदलून द्यायला घेतले होते. म्हाताऱ्या हाताची पकड सुटते, त्याला पट्टा हवाच.

सेकंदाला किती फ्रेम्स, म्हणजे चित्रे, दिसतात तो आकडा छापू नका असे मी म्हणत नाही. त्याच्या शेजारी हेही छापा.

आमच्याकडे रविवारी संध्याकाळी साडेपाचला अजून बोलिंग असते. वी तोच, ट्रान्सफॉर्मर तोच. शेजारच्या ८१ वर्षांच्या काकूंनी गेल्या महिन्यात पहिल्यांदा रिमोट हातात घेतला. अजून त्यांचे बटण उशिरा सुटते. आपल्या परीक्षण लिहिणाऱ्यांनी एखाद्या रविवारी जरूर यावे. नवा कन्सोलही बरोबर आणावा. काकूंना खेळायला द्यावा आणि त्या नेमक्या कुठे अडतात ते शेजारी बसून लिहून घ्यावे. चहा आमच्याकडे.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका,
वाई, जि. सातारा