फेकून दिलेली धमनी प्रयोगशाळेत येऊ द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शिरपूर, चोपडा, फैजपूर, शहादा, धुळे, जळगाव. खान्देशात कुठल्याही दिशेला निघा, फार्मसी कॉलेज लागतेच. तिथली मुले-मुली उद्या मेडिकलच्या काउंटरवर उभी राहून बीपीच्या गोळ्या देणार आहेत. पण ती गोळी ज्या रक्तवाहिनीवर काम करते, ती आकसते कशी आणि सैलावते कशी, हे त्यांतल्या बहुतेकांनी फक्त पडद्यावर पाहिलेले असते. बी. फार्म.च्या सध्याच्या अभ्यासक्रमात प्राण्यांवरचे प्रयोग सॉफ्टवेअर आणि व्हिडिओच्या आधारे दाखवायचे आहेत. त्यामुळे बेडूक, उंदीर, ससे वाचले हे योग्यच झाले आणि ते प्रयोग पुन्हा सुरू करा असे आमचे म्हणणे मुळीच नाही. मात्र कत्तलखान्यात बकऱ्याच्या धमन्या रोज फेकून दिल्या जातात. त्यांतली बोटभर लांबीची एक धमनी वर्षातून एकदा प्रयोगशाळेत आणावी, एवढीच विनंती या पत्रातून संस्थाचालक, प्राचार्य आणि विद्यापीठ यांना करत आहोत.

पडद्यावर काय हरवते ते सांगतो. सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅसिटिलकोलिन या शरीरातल्या निरोप्या रसायनाचे बटण दाबले की धमनीचा ताण दाखवणारी रेघ दर वेळी तेवढीच खाली येते. खऱ्या धमनीचे तसे नसते. एकाच बकऱ्याच्या एकाच धमनीच्या शेजारशेजारच्या दोन कड्यांपैकी (आडव्या कापलेल्या गोल चकत्यांपैकी) एक सैलावते, दुसरी ढिम्म राहते. का, हे शोधायला गेलात की या विषयातला सर्वांत मोठा शोध पुन्हा तुमच्या हाताला लागतो. अमेरिकेत रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीची पिळदार पट्टी कापून काम करत. अ‍ॅसिटिलकोलिन घातले की त्यांची पट्टी आकसायची. जिवंत शरीरात मात्र त्याच पदार्थाने रक्तवाहिन्या रुंदावतात. हे कोडे वर्षानुवर्षे सुटेना. १९७८ मध्ये त्यांच्या तंत्रज्ञाच्या हातून आधीचे औषध धुवायचे राहिले आणि आकसलेल्या धमनीवर त्याच जातीचे कार्बाकॉल पडले, तेव्हा धमनी सैलावली. मग लक्षात आले की पट्टी कापताना आतला पृष्ठभाग घासला जात होता आणि एन्डोथेलियम, म्हणजे रक्ताला लागून असलेला पेशींचा एकपदरी थर, निघून जात होता. पुढे त्यांनी थर खरवडलेली पट्टी थर शाबूत असलेल्या पट्टीला चिकटवून लावली. खरवडलेली पट्टी एकटी असताना सैलावत नव्हती, शेजार मिळताच सैलावली. एका थरातून काहीतरी झिरपून दुसऱ्या पट्टीच्या स्नायूंपर्यंत पोचत होते. १९८० मध्ये हे छापून आले, १९८७ मध्ये तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा वायू असल्याचे सिद्ध झाले आणि १९९८ मध्ये फर्चगॉट, इग्नारो व मुराद यांना नोबेल मिळाले. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटची गोळी हाच वायू पुरवते.

हा प्रयोग तालुक्याच्या गावी होऊ शकतो. फक्त काही गोष्टींत हयगय चालत नाही.

धमनी मानेतली, म्हणजे कॅरोटिड घ्यावी. सुरी फिरते तिथे तिचा वरचा भाग चेंगरलेला असतो, म्हणून छातीकडचा खालचा तुकडा मागावा. जमल्यास अर्ध्या तासाच्या आत तो थंड क्रेब्स द्रावणात (रक्तातल्यासारखे क्षार आणि ग्लुकोज असलेल्या पाण्यात) टाकून थर्मासमधून आणावा. बर्फ थर्मासमध्ये बाहेरून ठेवायचा, तुकड्याला लागू द्यायचा नाही. गोठलेली धमनी मेली म्हणून समजा. आतले रक्त सिरिंजने हलक्या धारेने तिथल्या तिथे काढून टाकावे. रक्त आत राहून फुटले तर त्यातले हिमोग्लोबिन नायट्रिक ऑक्साइड शोषून घेते आणि पुढे सगळे बिनचूक करूनही धमनी सैलावत नाही.

क्रेब्स एक लिटर करायचे तर सोडियम क्लोराइड ६.९ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड ०.३५, मॅग्नेशियम सल्फेट (सात पाण्याचे) ०.२९, पोटॅशियम डायहायड्रोजन फॉस्फेट ०.१६, सोडियम बायकार्बोनेट २.१, ग्लुकोज २ आणि कॅल्शियम क्लोराइड (दोन पाण्याचे) ०.३७ ग्रॅम लागते. कॅल्शियम सगळ्यांत शेवटी, वेगळे विरघळवून, वायू सोडून झाल्यावर आणि थेंबाथेंबाने घालावे. आधी घातले तर द्रावण ताकासारखे गढूळ होते, ते ओतूनच द्यावे लागते.

सर्वाधिक चूक होते ती वायूची. क्रेब्सला ९५ टक्के ऑक्सिजन आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड असे मिश्रण लागते. तो सिलिंडर नाही म्हणून माशांच्या टाकीचा पंप लावतात. साध्या हवेत कार्बन डायऑक्साइड नगण्य असतो, त्यामुळे बायकार्बोनेटचे द्रावण अल्कधर्मी होत जाते आणि धमनीचा प्रतिसादच बदलतो. मिश्रणाचा सिलिंडर नसेल तर बायकार्बोनेट वगळून लिटरला २.४ ग्रॅम हेपीस (पीएच स्थिर ठेवणारे रसायन) घालावे, सोडियमची तूट भरण्यापुरते सोडियम क्लोराइड वाढवावे आणि सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७.४ वर आणावा. मग नुसता ऑक्सिजन चालतो.

आता कडी. तीन ते चार मिलिमीटर रुंदीची कडी धारदार ब्लेडने एका दमात कापावी. चिमटा फक्त बाहेरच्या चरबीला लावायचा. पंखा बंद ठेवावा, कारण आपल्याकडच्या कोरड्या हवेत उघडी कडी दोन मिनिटांत सुकू लागते. स्टीलच्या दोन बारीक आकड्यांमध्ये ती अडकवून २० मिलिलिटरच्या बाथमध्ये (द्रावणाने भरलेल्या पात्रात) ३७ अंशांवर, साधारण २ ग्रॅम ताणावर टांगावी. मग तास-दीड तास थांबायचे आणि दर १५ मिनिटांनी द्रावण बदलायचे. ही वाट पाहणे मुलांच्या जिवावर येते, पण घाई केली की तळाची रेघ खाली घसरत राहते आणि कशालाच कशाचे माप उरत नाही. नंतर ६० मिलिमोलार पोटॅशियम क्लोराइडने कडी जिवंत आहे याची खात्री करून घ्यावी व धुऊन टाकावे.

कडी आकसवायला हार्मोन म्हणून अ‍ॅड्रेनॅलिन सगळ्यांत सोयीचे. एक मिलिग्रॅमच्या अँप्यूलमध्ये ९ मिलिलिटर सलाइन मिसळून त्यातले ०.०४ मिलिलिटर बाथमध्ये टाकले की जवळजवळ एक मायक्रोमोलार होते. रंग गुलाबी दिसला तर ते ऑक्सिडाइझ झालेले असते, वापरू नये. रेघ वर चढून स्थिरावली की अ‍ॅसिटिलकोलिन ०.०१ पासून १० मायक्रोमोलारपर्यंत, दर वेळी साधारण तिप्पट करत द्यावे. ते त्याच दिवशी बनवून बर्फात ठेवलेले हवे. चढलेल्या ताणाच्या ६० टक्क्यांहून जास्त उतार आला तर आतला थर शाबूत आहे, १० टक्क्यांच्या आत राहिला तर तो गेला आहे. दुसऱ्या कडीत ओल्या दातकोरणीने अर्धा मिनिट हलके घासून हेच पुन्हा करावे. तिसऱ्या कडीत १० मायक्रोमोलार मेथिलीन ब्लू २० मिनिटे ठेवावे. थर जागेवर असतो, पण नायट्रिक ऑक्साइडचा निरोप स्नायूंच्या आत पोचत नाही. मेथिलीन ब्लू प्रत्येक प्रयोगशाळेच्या कपाटात असतेच. धमनी आणि प्राणी बदलला की उत्तरही बदलते: डुकराच्या हृदयाची धमनी अ‍ॅसिटिलकोलिनने आकसते आणि ब्रॅडिकायनिनने सैलावते. हेही मुलांना कळायला हवे.

अँजिओटेन्सिन हे रक्तवाहिनी आकसवणारे दुसरे हार्मोन दाखवायचे असेल तर नळ्या प्लास्टिकच्या घ्याव्यात, ते काचेला चिकटते. दोन मात्रांमध्ये पाऊण तास जाऊ द्यावा, नाहीतर दुसऱ्यांदा आकुंचन लहान येते आणि मुले औषध खराब म्हणतात. आधी २० मिनिटे लोसार्टन हे बीपीचे औषध घातलेल्या कडीत हेच आकुंचन दबते. घराघरातली बीपीची गोळी नेमके काय करते ते तेव्हा डोळ्यांसमोर उभे राहते.

काउंटरवर याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. केळीच्या बागेत दिवसभर राबलेला माणूस कंबर दुखते म्हणून डायक्लोफिनॅक मागतो आणि त्याला बीपीसाठी लोसार्टनच्याच जातीच्या टेल्मिसार्टनसोबत लघवी वाढवणारी गोळी चालू असते. मूत्रपिंडाच्या गाळणीकडे रक्त आणणारी बारीक धमनी प्रोस्टाग्लॅंडिन उघडी ठेवते, बाहेर जाणारी धमनी अँजिओटेन्सिन आवळून धरते. शेतात दारे धरणाऱ्याला हे सांगावे लागत नाही: येते दार मोकळे आणि जाते दार अरुंद, म्हणून वाफ्यात पाणी उभे राहते. घामाने शरीरातले पाणी व मीठ घटले की मूत्रपिंडाची सारी भिस्त या दोन दारांवर असते. डायक्लोफिनॅक प्रोस्टाग्लॅंडिन बनू देत नाही म्हणून येते दार आवळते, टेल्मिसार्टन अँजिओटेन्सिनला अडवते म्हणून जाते दार सैलावते, लघवीच्या गोळीने पाटातलेच पाणी कमी होते. गाळणीवरचा दाब पडतो आणि मूत्रपिंड अचानक बंद पडू शकते. बीपीची गोळी स्वतःहून बंद करणे हा यावरचा उपाय नाही. वेदनाशामक देण्याआधी चालू औषधे विचारावीत आणि डॉक्टरांकडे पाठवावे. हार्मोनने धमनी आकसताना ज्याने स्वतः पाहिली आहे, तो हा प्रश्न विसरत नाही, असे आमचे ठाम मत आहे.

खर्चाचे कारण पुढे येईल. फोर्स ट्रान्सड्यूसर (ताण मोजणारे यंत्र) नसेल तर कडीऐवजी दोन-तीन मिलिमीटर रुंदीची पिळदार पट्टी कापून नोंदी घेण्याच्या जुन्या फिरत्या ड्रमवर, लांब लिव्हर लावून नोंद घेता येते. अनेक कॉलेजांच्या स्टोअरमध्ये हे ड्रम धूळ खात पडले आहेत. पट्टी कापताना आतली बाजू बोटाला किंवा ब्लेडच्या पात्याला लागता कामा नये, एवढे सांभाळावे.

पशुवैद्यकाने तपासलेल्या प्राण्याचाच तुकडा घ्यावा, हातमोजे सक्तीचे करावेत (बकऱ्यांपासून ब्रुसेलोसिस होतो), उरलेले जैववैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत जावे आणि संस्थेच्या प्राणी नीतिसमितीला आधी लेखी कळवावे. नगरपालिकांनी कत्तलखान्यातून असा तुकडा मिळण्याची परवानगी कॉलेजांना द्यावी.

प्रयोग डिसेंबर-जानेवारीत ठेवावा. एप्रिल-मेमध्ये खोलीचेच तापमान चाळिशीपार जाते आणि बाथचा थर्मोस्टॅट पाणी तापवू शकतो, थंड करू शकत नाही. सकाळी सातला तुकडा हातात आला तर साडेनऊपर्यंत पहिली मात्रा देता येते. हेपीसच्या द्रावणात साध्या पंपाने हवा सोडत असाल तर तो पंप इन्व्हर्टरवर जोडून ठेवा. वीज गेली आणि बुडबुडे थांबले की थोड्याच वेळात धमनी गुदमरू लागते आणि सकाळची सगळी मेहनत वाया जाते.

आपले,
औषधशास्त्र शिकवणारे काही शिक्षक,
जळगाव व धुळे जिल्हा