बाबांच्या ट्रंकेतला वेताळ टॅबमध्ये कसा उघडायचा

प्रिय आई आणि बाबा,

टॅब पोचला म्हणून फोन आला तेव्हा मी मीटिंगमध्ये होते, आणि बाबा तुम्ही नेहमीसारखं "आलाय, चालू होतोय" एवढं बोलून फोन ठेवलात, म्हणून म्हटलं फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सगळं लिहूनच काढावं. आई, तू मोठ्याने वाचून दाखव त्यांना, नाहीतर ते मधलं गाळून डायरेक्ट बटणं दाबायला जातील.

ट्रंकेतले इंद्रजाल कॉमिक्सचे सगळे ६४ अंक स्कॅन झाले बरं का, म्हणजे आपला वेताळ, इंग्रजीतला फँटम, आता टॅबमध्ये. दिवाळीपासून प्रत्येक शनिवार-रविवार त्यातच गेला. पिना इतक्या गंजल्यात की ओढायला गेलं की कागदच सुटून हातात येतो, मग बटर लावायच्या बोथट सुरीने एकेक पिन उचकटायची, पानं सुटी करायची, स्कॅन करायची आणि परत दोऱ्याने ओवायची. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ला सुरू झालं नि १९९० ला बंद पडलं, म्हणजे तुमचे जुने अंक पन्नाशी ओलांडलेले, आणि कागद काय तेव्हाही भारीतला नव्हता. आता मूळ अंक मी प्लास्टिकच्या पाकिटात घालून ठेवलेत, उन्हाळ्यात येताना आणेन, पण परत परत चाळायचे नाहीत. चाळायला टॅब.

आता अ‍ॅपचं. तुम्ही विचारलंत ना, "त्यात काय एवढं, फोटोच आहेत, गॅलरीत उघडतील की". उघडतात, पण गॅलरीला हा एक अंक, हा दुसरा, हे कळत नाही, दीडेक हजार पानं एका ढिगात पडतात आणि आपण काल कुठपर्यंत आलो होतो ते रोज शोधत बसायचं. म्हणून कॉमिक वाचायचं अ‍ॅप वेगळं लागतं.

ही अ‍ॅपं दोन जातींची असतात आणि खरा घोळ तिथेच होतो. एक दुकानवाली, म्हणजे तिथेच विकत घ्यायचं, तिथेच वाचायचं. अमर चित्र कथावाल्यांचं असं स्वतःचं अ‍ॅप आहे, चांगलंय, (अनंत पै १९६७ ला अमर चित्र कथा सुरू करायच्या आधी इंद्रजालच्याच कामात होते हे तुम्हीच मला सांगितलेलं), पण आपले स्कॅन केलेले अंक त्यात कसे घालणार? आणि दुकानाचं एक असतं, मालकाने शटर कुठे हलवलं की आपल्याला मागे मागे जावं लागतं. अमेरिकेत कॉमिक्सॉलॉजी नावाचं एकदम फेमस अ‍ॅप होतं, ते २०१४ ला अमेझॉनने घेतलं आणि २०२३ च्या डिसेंबरात ते अ‍ॅपच बंद करून सगळ्यांना पुस्तकं वाचायच्या त्यांच्याच किंडल अ‍ॅपमध्ये पाठवलं. घेतलेली पुस्तकं गेली नाहीत, पण ज्या अ‍ॅपची सवय झाली होती ते गेलं. तुम्हाला टीव्हीच्या रिमोटचं एक बटण बदललं तरी चालत नाही, त्यामुळे हा प्रकार आपल्या कामाचा नाही.

दुसरी जात म्हणजे नुसता वाचक. त्याला आपलं फोल्डर दाखवायचं, तो उघडून देतो, बस. लॉगिन नाही, इंटरनेट नाही. आपल्याला हे हवंय. अर्थात इथेही पहिल्यांदा फसलेच मी, एक फुकटवालं टाकलं, नाव नाही घेत, दर चार-पाच पानांनी पूर्ण स्क्रीनभर जाहिरात, आणि ती बंद करायची फुली इतकी बारीक की माझंच बोट दोनदा चुकून रमीच्या साइटवर गेलं. म्हटलं बाबांच्या हातात हे दिलं तर महिन्याभरात पेन्शन रमीत.

आधी फाईलचं सांगते, कारण अ‍ॅप उद्या बदललं तरी चालेल, फाईल नीट हवी. प्रत्येक अंकाची मी एकच फाईल केलीय, तिच्या नावाच्या शेवटी सीबीझेड असं आहे. घाबरू नका, ती नुसती झिप फाईल आहे, पानांचे फोटो एका पिशवीत घातले आणि पिशवीवरचं नाव बदललं इतकंच. उद्या कुठलंच अ‍ॅप नाही राहिलं तरी नावाचा शेवट परत झिप असा करून उघडता येते, म्हणून मला ती आवडते. दादाने पहिल्या लॉटच्या सीबीआर केल्या होत्या, त्याही चालतात, पण त्या रार नावाच्या वेगळ्या प्रकारच्या पिशवीतल्या, सगळीकडे उघडतीलच असं नाही, मी त्याही बदलून घेतल्या. आणि पानांना नाव देताना १, २, ३ न देता ००१, ००२ असं दिलंय, नाहीतर काही अ‍ॅपं १ नंतर १० दाखवतात मग ११, आणि २ येतं थेट १९ च्या नंतर. पहिल्या अंकात माझं तेच झालं, वेताळ आधी बेशुद्ध पडला आणि मग मारामारी सुरू झाली.

तर टॅबवर मी परफेक्ट व्ह्यूअर टाकलंय. दिसायला जुनाट आहे, सेटिंगा एवढ्या की आपल्या मिरजेच्या घराच्या किल्ल्यांचा जुडगा परवडला, पण मी सगळं लावून दिलंय, तुम्ही सेटिंगमध्ये जाऊच नका. उघडलं की मुखपृष्ठं दिसतील, एकावर बोट लावा, उघडतं. उजव्या कडेला टॅप केलं की पुढचं पान, डाव्या कडेला मागचं. बंद केलं तरी पान लक्षात ठेवतं. आई, ओलं बोट लावायचं नाही हं, पान उलटताना जिभेला बोट लावायची तुझी सवय मला माहितीय, ओल्या बोटाला स्क्रीन धड दाद देत नाही आणि वर डाग पडतात.

एक सेटिंग मात्र मी मुद्दाम बंद ठेवलंय. पानाच्या कडेची मोकळी जागा आपोआप कापून चित्र मोठं करायची सोय असते, सगळे म्हणतात ती चालू करा. केली होती. मग एका अंकात खालच्या कडेला पेन्सिलीने काहीतरी अर्धवट कापलेलं दिसलं म्हणून पूर्ण पान उघडलं, तर आजीचं अक्षर, दुधाचा हिशोब, "मंगळ अर्धा, बुध नाही, गुरू पाऊण". त्याच्या पुढच्याच अंकावर बाबांचं शाईपेनने "वाचून परत देणे, नाहीतर बोलणार नाही". त्या दिवसापासून कापाकापी बंद, अक्षर थोडं लहान दिसलं तरी चालेल. एकेक चौकट मोठी करून पुढे सरकवणारी सोयही काही अ‍ॅपांत असते, छोट्या मोबाईलवर ठीक आहे, पण दहा इंची टॅब घेतलाय तो पूर्ण पान बघायलाच.

आई, तुला फुग्यातलं अक्षर वाचता आलं नाही तर टॅब आडवा धर, पान रुंदीला फिट होईल आणि अक्षर मोठं, मग बोटाने वर सरकवत जायचं. बाबा, तुम्ही कॉटवर कुशीवर झोपून वाचणार, तेव्हा तो आपोआप फिरतो आणि चिडचिड होते, म्हणून वरून पट्टी खाली ओढून फिरणं बंद करायचं चिन्ह दाबा. भांडण होणार तुमचं यावरून, मला माहितीय, एकाला फिरणारा हवा नि एकाला न फिरणारा.

घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर सुमात्रा पीडीएफ टाकायला शेजारच्या मुलाला सांगितलंय. इवलंसं आहे, फुकट आहे, पीडीएफबरोबर कॉमिकच्या फाईलीही उघडतं आणि त्या म्हाताऱ्या मशीनला झेपतं. एफ ११ दाबलं की पूर्ण स्क्रीन. माझ्याकडे याकरीडर आहे, त्यात मुखपृष्ठांचं अख्खं कपाट लावता येतं, पण तुम्हाला एवढा पसारा नको. आणि दादाने दिलेल्या किंडलवर का नाही हे परत विचारू नका, तो सहा इंची काळापांढरा आहे, कादंबरीला उत्तम, पण वेताळचा तो घट्ट ड्रेस राखाडी दिसणार. (आई, हा वेताळ झाडाला लटकणारा नाही, चांदोबातला तो वेगळा. हा घोड्यावर बसतो. लग्नापासून तुमचा हा वाद चालूय.)

फाईली टॅबमध्ये आहेत, एक कॉपी पेनड्राइव्हवर आहे, देवघराच्या खणात ठेवा, आणि एक माझ्याकडे. बाबा, कट्ट्यावरच्या मंडळींना घरी बोलवून दाखवा हवं तर, पण व्हॉट्सअ‍ॅपवर फाईल टाकू नका. अंक आपले आहेत, छापायचे-वाटायचे हक्क आपले नाहीत, आणि एकदा ग्रुपवर गेलं की ते कुठे जाईल सांगता येत नाही.

एकच राहिलं. एकोणचाळीस नंबरच्या फाईलीत शेवटचं पान नाहीये, मी तिथे कोरं पान घातलंय. वेताळ गुहेच्या तोंडाशी उभा आहे आणि आत कोण आहे ते कळतच नाही. मला वाटतं ते पान मसाल्याच्या डब्यांखालच्या कागदांत निघेल, आई जरा बघ. बाबा, तिला ओरडू नका, ५० वर्षं झाली त्याला.

तुमची,
मनू