पायाखाली सोलापुरी चादर

लाइपझिग (जर्मनी), रविवार

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "आवाज खोल गेलाय तुझा." काही खोल गेलेला नाही, हेडफोन गळ्यात होते. जेवण वेळेवर होतं, नोकरी शाबूत आहे. आणि बाबा, "ऑफिसातून येऊन गिटार कसली बडवतेस?" हे तुम्ही कुठल्या सुरात विचारलंत ते कळलं मला. ती बास गिटार आहे. चारच तारा, सुतळीएवढ्या जाड. जुनी घेतली, आणि घरी पाठवायच्या पैशांना हात लावलेला नाही.

तुम्हाला पेटीच्या भाषेत सांगते. सध्या शिकतेय ते मेजर स्केल म्हणजे आपला बिलावल, सगळे स्वर शुद्ध. पेटीवर सा पांढरी एकवरून काळी दोनला नेला की बोटांची सगळी मांडणी बदलते. लहानपणी मी तिथेच रडून उठायचे. बासवर ती भानगड नाही. सा मधल्या बोटाने, रे करंगळीने. पुढच्या तारेवर ग-म-प: तर्जनी, मधलं, करंगळी. त्यापुढच्या तारेवर ध-नी-सा: तर्जनी, अनामिका, करंगळी. झालं सप्तक. प्रत्येक तार आधीच्या तारेच्या शुद्ध मध्यमावर लावलेली, म्हणून पांढरी एकवरचा हात तीन फ्रेट, म्हणजे दांडीवरची तीन घरं, पुढे सरकवला की काळी दोन! बोटं तीच.

मला वाटलं, जिंकलं. तर शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, हाच सा दांडीवर अजून कुठे आहे, शोध. तो सर्वांत जाड तारेवर, आठव्या फ्रेटला. तिथे सा करंगळीने धरायचा, आणि रे साठी पुढच्या तारेवर तर्जनी तीन फ्रेट मागे. तिथवर ठीक. पण नी येतो करंगळीच्या घराच्या एक घर पुढे. तीन आठवडे झाले, माझी करंगळी अलीकडेच टेकते, कोमल नी वाजतो आणि बिलावलचा खमाज होतो. बाबा, हसू नका.

आता इथला रविवार सांगते, म्हणजे "शेजारी ओरडत नाहीत का?" याचं उत्तर मिळेल. रविवारी इथे आवाज करायचा नाही. ड्रिल नाही, काचेच्या बाटल्या कचऱ्याच्या पिंपात टाकायच्या नाहीत, कारण खळ्ळकन आवाज होतो. बहुतेक दुकानंही बंद. रविवारच्या विश्रांतीचं १९१९ च्या राज्यघटनेतलं कलम इथे आजही लागू आहे, खरंच! रोज रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, ती वेगळीच. आपल्या ठाण्यात, नौपाड्यात ढोल-ताशाच्या सरावात मी बारावीचा अभ्यास केला, हे इथे कुणाला सांगितलं तर खोटं वाटेल. म्हणून मी हेडफोन लावून वाजवते. तरी एका रविवारी खालच्या मजल्यावरच्या आजी सपाता घालून वर आल्या. गिटार ऐकू येत नव्हतीच, मी पायाने ताल धरत होते तो लाकडी जमिनीतून खाली जात होता. रागावल्या नाहीत, नुसतं बोटाने दारावर टक-टक करून दाखवलं. तेव्हापासून पायाखाली चादरीची घडी असते. आई, तीच, तू थंडीसाठी दिलेली सोलापुरी. पांघरतेही, रोज झटकून.

पाच तारखेला चाळीस हजार पाठवलेत, त्यातून बाबांच्या मोतीबिंदूचं करून घ्या, माझी वाट बघू नका. गणपतीत रजा मिळत नाहीये. मिळाली असती तर आलेच असते, यावर परत फोनवर बोलायला नको. मामाने सांगितलेल्या घोडबंदरच्या स्थळाला मी नाही म्हटलेलं नाही. मुलाशी एकदा बोलेन, पण पत्रिका जुळली म्हणून त्याच्या घरच्यांना शब्द देऊन बसू नका. सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचे कागद सही करण्याआधी मला फोटो काढून पाठवा. भाड्याच्या घरात सामान हलवताना पेटी माळ्यावर टाकू नका, भाता फाटतो. बाबा, तुम्ही दहा वर्षं "बस जरा" म्हणत होतात आणि मी तलावपाळीला पळत होते. आता बसते. रात्री नऊ ते पावणेदहा.

तुमची,
सोनू

ता. क. बासची किंमत विचारू नका.