चि. प्रज्ञास, सायकलच्या फ्रेमबद्दल

औसा
रविवार

चि. प्रज्ञास,
अनेक आशीर्वाद.

परवा फोन मीच ठेवला. नंतर तू दोनदा लावलास तेव्हा मी दुकानातच होतो, हातात कामही नव्हतं, तरी उचलला नाही. आई त्यावरून अजून माझ्याशी धड बोलत नाही.

दिवाळीला पुण्याहून सायकलवर येते म्हणालीस आणि माझ्या डोळ्यांपुढं बाळूची गाडी आली. त्याबद्दल आज लिहायचं नाही असं ठरवूनच बसलोय. फ्रेमबद्दल लिहितो.

तू पाठवलेले दोन्ही फोटो मोठे करून बघितले. ती जुनी निळी, १८ हजारांची, घेऊ नकोस. खालची तिरपी नळी हँडलच्या नळीला जिथं मिळते, तिथं खालच्या अंगाला रंगावर बारीक सुरकुती आहे, नखाएवढी. पुढचं चाक समोरून कशावर आदळलं की नळी नेमकी तिथंच दबते. काही निघालं तर मी वेल्डिंग करून देतो असं फोनवर म्हणालो होतो, ते मी मागं घेतो. चांगल्या क्रोमोली नळीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम घातलेल्या पोलादाची, भिंत टोकांना ०.९ मिमी आणि मधे ०.६ मिमीच असते. आपल्या दुकानातलं आर्क वेल्डिंग तिला भोक पाडणार. टिगवर, त्या बारीक कामाच्या वेल्डिंगवर, हात बसलेला कारागीर जोडेलही, पण दबलेली नळी जोडायची नसते, बदलायची असते. गेट आणि ट्रॉलीचं काम वेगळं, तू ज्यावर बसणार ते वेगळं.

हिरवी घे. फोर्कसकट ३४ हजार म्हणजे तुझ्या ६० हजारांमधले निम्म्याहून जास्त जातील, तरी घे. तिच्यावर ४१३० लिहिलंय, म्हणजे क्रोमोलीच. दुकानदाराला एकच विचार, ४१३० पुढच्या तीन नळ्यांपुरतं आहे की मागच्या दांड्यांनाही? काही फ्रेममध्ये मागचा त्रिकोण साध्या हाय-टेन पोलादाचा असतो आणि स्टिकर मात्र मोठा. हाय-टेन वाईट नाही, पण तेवढ्या ताकदीला नळी जाड लागते. पोलाद कुठलंही असो, ताठपणा जवळपास सारखाच. ताकद जास्त असली की नळी पातळ करता येते. आपण पैसे मोजतो ते त्या पातळपणाचे.

पायडलच्या धुऱ्याचं घर आट्यांचं आहे ना, ६८ मिमीचं? दाबून बसवायच्या बेअरिंगचं नको. आट्यांचं असलं तर कुठल्याही गावात खोलता येतं, फक्त उजव्या बाजूचे आटे उलटे असतात एवढं ध्यानात ठेव. मागं १२ मिमीचा आरपार धुरा, १४२ मिमी रुंदीचा, म्हणजे पुढं चाक बदलायचं झालं तर अडणार नाही. आणि नवी असली तरी घरी आणल्यावर दोरा लाव. मागचं चाक बसतं त्या एका खाचेपासून पुढं हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेपर्यंत ताणून बांध आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर पट्टीनं मोज. सारखं आलं तर फ्रेम सरळ. त्याचा फोटो मला पाठव.

टायरला ४५ मिमीची जागा असली तरी तू ४० चाच घाल. उरलेली जागा आपल्या काळ्या मातीची. तिकडच्या मुरमावर हे कळायचं नाही. अवकाळी झाला आणि कच्च्या रस्त्याला लागलीस, तर ती दांड्यांत अशी गच्च बसते की चाक जागचं हलत नाही. सातवीत असताना तू मळ्यातून सायकल ओढत आणली होतीस, रडत. आजी काडीनं माती उकरत बसली होती आणि तू म्हणालीस, हिला पाय असते तर बरं झालं असतं.

कॅरिअरचे आटे मागं हवेतच. तू म्हणायलीस बॅग सीटला बांधते, पण कॅरिअरचं तसं नसतं, माय. ३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी गणपती बुडवून येऊन झोपलो होतो, पहाटे चारच्या सुमाराला जमीन हलली. उजाडल्यावर आजोबांच्या सायकलला भाकरी, दोन चादरी आणि पाण्याची कळशी बांधून मी किल्लारीकडं निघालो. लामजन्याच्या पुढं गाड्या अडकल्या होत्या, मी बांधाबांधानं गेलो. येताना कॅरिअरवर आक्काची मोठी होती. घट्ट धरून बसली होती, घरापर्यंत एक अक्षर बोलली नाही. अजूनही ती घरी आली की आधी त्या सायकलपाशी जाते, तू बघितलंयस.

आटे नीट बघून घे एवढंच सांगायचं होतं.

आता दिवे. दिवाळीच्या मागंपुढं कारखाने सुरू होतात. टेंभुर्णी सोडून बार्शीकडं वळलीस की तिथून घरापर्यंत उसाचे ट्रॅक्टर. एकाला दोन दोन ट्रॉल्या, मागं लाल दिवा नाही, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलेला. समोरून गाडीचा उजेड डोळ्यांवर आला की पुढची ट्रॉली दिसतच नाही. बाळूला दिसली नव्हती. माझ्याकडं दुरुस्तीला येईल त्या प्रत्येक ट्रॉलीला मी रेडियमची पट्टी लावून देतो, पैसे घेत नाही, पण सगळ्या ट्रॉल्या माझ्याकडं येत नाहीत. अंधार पडला की थांब. बार्शीत थांब, येडशीत थांब, कुठंही थांब. रात्री चालवून एक तास वाचवण्यात कसलीही बहादुरी नाही.

लिहायचं नाही म्हणून बसलो होतो आणि तेच लिहिलं, तेही सुनावल्यासारखं. माफ कर.

तू २०० किमीची बीआरएम, ती ठरल्या वेळेत पुरी करायची लांबची राइड, केलीस, साडेतेरा तासांची मुदत असताना ११ तासांत. ते मी चहावाल्याला सांगितलं, गॅसच्या टाक्या घेऊन येणाऱ्या पोराला सांगितलं, आक्काला दोनदा सांगितलं. तुझ्याशी बोलताना मात्र हेल्मेट नीट आहे का एवढंच विचारलं.

साइज रंगाच्या आधी बघ. जुन्या सायकलचा स्टॅक आणि रीच, म्हणजे पायडलच्या धुऱ्यापासून हँडलच्या नळीच्या वरच्या टोकापर्यंतची उभी उंची आणि आडवं अंतर, मोज आणि त्याच्याशी ताडून घे. तुझे पाय आईसारखे लांब आणि धड आखूड आहे, लांबोडकी फ्रेम घेतलीस तर मान धरेल.

४ हजार वेगळे पाठवलेत. ते दिव्यांचे आहेत, फ्रेममध्ये घालू नकोस. मागचा दिवा दिवसासुद्धा चालू ठेव.

मुरूडला पोचलीस की फोन कर, उजेड असो नाहीतर अंधार. मी टेम्पो घेऊन येतो. सायकल टेम्पोत टाक म्हणणार नाही. तू चालव, मी दोन्ही इंडिकेटर लावून मागं राहतो.

तुझा,
अण्णा