यंदा डब्यात लाडू नको

लेस्टर
२२ जून २०२५

ती. आई-आप्पांना
शि. सा. न. वि. वि.

फोनवर सांगायला गेलो की आई लगेच 'तिकडं खायचे हाल होतात का रे' म्हणून सुरू होते आणि मुद्दा राहून जातो. म्हणून चक्क कागदावर लिहितोय. सगळं वाचून झालं की मगच फोन करा.

इथं चाळिशी ओलांडली की दर पाच वर्षांनी सरकारी आरोग्यसेवेकडून तपासणीचं बोलावणं येतं. माझं एप्रिलमध्ये आलं. तीन महिन्यांची सरासरी साखर ४६ निघाली. दचकू नका, इथलं मोजमाप वेगळं आहे. बार्शीच्या लॅबनं ती ६.४ लिहिली असती. ४८ झाली, म्हणजे आपल्याकडची साडेसहा, की मधुमेह म्हणतात. मी अजून उंबऱ्यावर आहे. गोळी नाही, काही नाही. वजन साडेतेरा स्टोन भरलं. हा स्टोन म्हणजे सहा किलो साडेतीनशे ग्रॅम, आता आप्पा करतीलच हिशोब.

नर्सबाईंना म्हणालो, मी तर गोड खातच नाही, चहासुद्धा बिनसाखरेचा. त्या म्हणाल्या, रात्री भात किती? म्हटलं, थोडासा.

त्या रात्री तुमच्या सूनबाईनं केकसाठी आणलेला छोटा काटा ओट्यावर ठेवला, त्यावर ताट ठेवून आकडा शून्यावर आणला आणि रोजच्यासारखा भात वाढून घेतला. ३१० ग्रॅम! शिजलेल्या भातात शंभर ग्रॅममागे साधारण २८ ग्रॅम कर्बोदकं असतात, पोटात गेल्यावर त्यांचीच साखर होते, म्हणजे भाताचीच ८७. आधी तीन पोळ्या झालेल्या, त्यांची साठेक. वरण आणि बटाट्याची भाजी धरलीच नाही, तरी एका जेवणाला दीडशेच्या घरात. आणि कमी कर्बोदकांचा आहार म्हणतात, जो मी आता सुरू करणार आहे, तो अख्ख्या दिवसाला १३० च्या आतला. थोरला वाकून आकडा बघत होता. म्हणाला, "बाबा, थोडासा?" आता घरात त्या काट्याचं नावच 'थोडासा' पडलंय.

आई, आता तू म्हणशील, भात सोड आणि भाकरी खा, ज्वारीनं साखर वाढत नाही. मीही तेच धरून बसलो होतो. बेलग्रेव्ह रोडवरच्या गुजराती दुकानातून 'जुवार'चं पीठ आणलं आणि पिशवीमागचा तक्ता वाचला. शंभर ग्रॅम पिठात गहू काय आणि ज्वारी काय, कर्बोदकं सत्तरच्या आसपासच. भाकरीनं पोट भरल्यासारखं वाटतं, हे खरं. पण तुझ्या हातची एक भाकरी म्हणजे सत्तर-ऐंशी ग्रॅम पीठ सहज. दोन भाकऱ्यांत माझा दिवस संपला. मटणाच्या रश्श्यात भाकरी कुस्करायची नाही, हेच मला अजून पचलेलं नाही. रस्सा वाटीनं प्यायचा म्हणे.

उपासाचं तर बोलूच नका. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिठूळ स्टार्च, वर बटाटा, रताळं, भगर. एकादशी दुप्पट खाशी ही म्हण कुणीतरी काटा घेऊनच केली असणार. म्हणूनच मी आषाढी होऊ देतोय. ६ तारखेला रविवार आहे, खिचडी पोटभर खाणार, आणि सोमवारपासून सुरुवात.

तोवर आवराआवरी चाललीय. पोह्यांचा डबा आणि अर्धं तांदळाचं पोतं शेजारच्या घरी गेलं. पोरांसाठी पोळ्या होणारच, त्यांना यात ओढायचं नाही असं आमचं ठरलंय. फ्रिजचा मधला कप्पा माझा: अंडी, पनीर, मेथी, दुधी, भेंडी, फ्लॉवर. दही घट्ट आणि साधं. फळाच्या चवीचं 'लो फॅट' दही पौष्टिक म्हणून इतकी वर्षं खात होतो, त्यात साखर घातलेली निघाली. पहिला आठवडा डोकं धरतं म्हणतात, कारण लघवीवाटे पाणी आणि मीठ जास्त जातं. त्यासाठी मीठ घालून ताक.

आप्पा हे नवीन खूळ म्हणणार, म्हणून सांगतो. लंडनमध्ये बँटिंग नावाचा एक गृहस्थ होता, मयताच्या सामानाचा नि अंत्यविधीचा धंदा करणारा. वजन इतकं वाढलं की बुटाचे बंद बांधता येईनात. डॉक्टरनं ब्रेड, साखर, बटाटा, बिअर बंद केली आणि गडी उतरला. त्यानं ते १८६३ साली लोकांना उद्देशून पत्र लिहून छापलं. स्वीडनमध्ये आजही वजन उतरवण्याच्या क्रियापदात त्याचंच नाव आहे. त्याच्या जेवणात दोन-तीन ग्लास वाइन चालायची, तेवढी ओळ आप्पांनी वाचली नाही असं समजायचं.

आता ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ते. आप्पा, तुम्ही माझं बघून काही सुरू करू नका. मी रोज फिरायला जायला लागलो तेव्हा तुम्ही गुडघा दुखत असताना रोज भगवंताच्या देवळापर्यंत चार फेऱ्या मारल्यात, ते वहिनीनं मला नंतर सांगितलं. तुमच्या मधुमेहाच्या गोळीत ग्लिमेपिराईड आहे. ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावते, पोटात भाकरी गेलेली असो वा नसो. भाकरी बंद आणि गोळी चालू असं झालं तर साखर एकदम खाली येईल, दरदरून घाम, हातपाय कापणं, चक्कर. इन्सुलिन घेणाऱ्याचंही तसंच. आणि काकांना मागच्या वर्षी डॅपाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची दुसरी गोळी सुरू केलीय, तिच्यावर असताना कर्बोदकं फार तोडली तर रक्तात आम्ल साठू शकतं, तेही मशीनवर साखर फारशी चढलेली दिसत नसताना. रक्तदाबाची गोळीसुद्धा कधी कधी कमी करावी लागते. हे सगळं डॉक्टरांनी आधी ठरवायचं असतं, मुलाचं पत्र वाचून नाही. तुम्हाला करायचंच असेल तर सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून त्यांच्याकडं जा, आणि वहिनीला बरोबर न्या. तुम्ही एकटे गेलात की अर्धं विसरून येता.

ऑगस्टमध्ये मामांचा मुलगा येतोय. त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू, शंकरपाळी, भडंग काही देऊ नका. शेंगा चटणी द्या, खलबत्त्यात कुटलेली, तेल सुटलेली, एक किलो तरी. कारळ्याची आणि जवसाची अर्धा-अर्धा. तीळकूट असेल तर तेही. पोरं लाडवासाठी भांडतील, पण डबा घरात असला की रात्री अकराला तो कोण उघडतं हे सूनबाईला माहीत आहे.

बाकी सर्व क्षेम. वहिनीला नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुमचा
बाळू

ता. क. आई, याचं उद्यापन कधी, असं तू विचारणार. पुढची रक्ततपासणी ऑक्टोबरमध्ये आहे, नेमकी दिवाळीच्या आधी.