उधारीच्या वहीवर पट्टी ठेवणाऱ्या मुनीमकाकांना

मुनीमकाका, सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या आपल्या सत्तरी तालुक्यात, वाळपईच्या घाऊक पेढीवरून निवृत्त झाल्यावर तुम्ही घरी स्वस्थ बसला असता तर कुणी बोल लावला नसता. पण दुकानदारी शिकवायला तुम्ही तालुक्यातल्या ठाणे, चरावणे, हिवरे या गावांपर्यंतच्या छोट्या दुकानांची पायरी चढलात. म्हणून हे जाहीर पत्र.

याआधी शिकवायला येऊन गेलेल्यांचा थाट वेगळा होता. गार खोली, पडद्यावर इंग्रजी आलेख, शेवटी प्रमाणपत्र आणि समोसा. संध्याकाळची बस चुकली की माल उद्यावर जातो, अशा गावातल्या दुकानदारांना ते मॉलमधली मांडणी सांगून गेले. साखरेच्या पोत्याबद्दल चकार शब्द नाही.

तुम्ही पोत्यापासूनच सुरुवात केलीत. ५० किलोच्या पोत्यातून पाव किलोच्या २०० पुड्या होतात. हात सैल पडून पुडीमागे ५ ग्रॅम जास्त गेले की १ किलो साखर फुकट गेली. किलोमागे २ रुपये सुटत असतील तर अख्ख्या पोत्याचे १०० रुपये, आणि त्यातले चाळीसेक त्या एका किलोतच संपले. पुडीत कमी भरणं हा काही उपाय नव्हे, ती चोरी. उपाय काट्याजवळ आहे: काटा पंख्याखालून हलवा, पातळीत बसवा, रिकामी पिशवी ठेवून शून्य करा, वर्षाचा शिक्का चुकवू नका. सत्तरीच्या पावसात मीठ पाझरतं, म्हणून ते साखरेपासून लांब. पोती वीतभर उंच फळ्यांवर, भिंतीपासून हातभर अंतर सोडून. साबणाशेजारी चहापावडर कधीच नाही.

'१२ वर १ फुकट' या योजनेचं गणितही तुम्हीच सोडवून दिलंत. सूट पडते पावणेआठ टक्के. पण महिन्याला दोनच खोकी खपत असतील तर तेरावं खोकं सहा महिन्यांनी सुटणार, तोवर बिस्किटाची तारीख उलटलेली. सेल्समन हसतमुख असला तरी खोक्यावरची तारीख आधी वाचायची आणि परतीची अट बिलावरच लिहून घ्यायची.

खरा प्रश्न मात्र उधारीचा. गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी २०१२ साली थांबल्या, २०१८ साली पुन्हा थांबल्या. एका फटक्यात वह्या कशा बुडतात हे खाणपट्ट्यातल्या दुकानांना नव्याने सांगायला नको. शंभरामागे १० रुपये सुटणाऱ्या मालात ५०० रुपये बुडाले, तर ते भरून काढायला ५,००० चा धंदा लागतो. तुमची रीत सोपी. प्रत्येक घराला वेगळं पान. मर्यादा त्या घराच्या एका आठवड्याच्या खरेदीइतकी. गिऱ्हाईकाकडे जोडवही, आणि दोन्हीकडचा आकडा त्याच्यासमोरच जुळवायचा. हजेरीवर चालणाऱ्या घराकडून ५० रुपये आले तरी जमा करून घ्यायचे. बाकी वाढली तर आधी सिगरेट आणि थंड पेयं थांबवायची, तांदूळ शेवटपर्यंत नाही.

पण हे सगळं कुणी हुशार माणूस सांगू शकला असता. आमच्या मनात राहिलं ते वेगळंच. वह्या तपासायला घेतल्यावर तुम्ही आधी जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याची एक पट्टी कापलीत, नावांच्या रकान्यावर ठेवलीत आणि फक्त तारखा आणि आकडे वाचलेत. गावात कुणाचं किती थकलंय हे तुम्हाला जाणून घ्यायचं नव्हतं. शेवटची जमा कधी, बाकी आठवड्याच्या खरेदीच्या किती पट, एवढ्यावरून तुम्ही कुठली पानं सांभाळायची ते दाखवलंत. त्यानंतर काही दुकानांतून थकबाकीदारांच्या नावांचे फळे उतरले. तसा फळा लागला की माणूस पैसे द्यायचं सोडाच, समोरून जायचंच टाळतो आणि शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात पिशवी भरतो. धंद्याच्या हिशेबानेही सभ्यपणा स्वस्तच पडतो, आणि नसता पडला तरी तुम्ही पट्टी ठेवलीच असती, याबद्दल इथं कुणाला शंका नाही.

आता चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, जवळ आली. नेवऱ्यांसाठी (करंज्यांसाठी) मैदा, रवा, चण्याची डाळ गेल्या चवथीला कुठल्या दिवशी किती गेली, त्याचे आकडे आम्ही काढून ठेवले आहेत. उरलेल्या मैद्यात पावसाळ्यात किडे होतात, म्हणून मागणी दोन हप्त्यांत करावी असा विचार आहे. दुसरा हप्ता कधी सांगायचा, तेवढं येऊन बघा. जेवण इथंच. पट्टी आणायला नको, प्रत्येक दुकानात एकेक कापून ठेवली आहे.

देव बरें करूं.

तुमचे,
सत्तरीतले दुकानदार